विज्ञानकथेतील युद्ध व शांततावाद

वैज्ञानिक शोध व त्यांचे संभाव्य परिणाम कल्पून रचलेल्या कथा-कादंबऱ्यांतून युद्धाविषयी प्रकट झालेला राजकीय व नैतिक विचार. एच. जी. वेल्स (१८६६–१९४६) याने द वॉर ऑफ द वर्ल्ड्स (१८९८) या कादंबरीत मंगळवासीयांची स्वारी रंगविताना यूरोपीयांनी टास्मानियात केलेल्या संहाराचे स्मरण करून दिले. द वर्ल्ड सेट फ्री (१९१४) मध्ये त्याने अणुबाँब कल्पिला आणि त्या विनाशातून जागतिक शासन उदयास येते, असे दाखविले. पुढे रॉबर्ट हाइनलाइनने स्टारशिप ट्रूपर्स (१९५९) मध्ये सैनिकी कर्तव्याचा गौरव केला. तर व्हिएटनाममध्ये लढलेल्या जो हाल्डमनने द फॉरेव्हर वॉर (१९७४) मध्ये युद्धाची निरर्थकता चितारली.

जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या मराठी कथेत युद्ध करावे की नाही, हा प्रश्नच नाही; ते वेगळ्या रीतीने संपले असते तर काय, हा आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघाताने एका पर्यायी विश्वात जातात. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि मराठे विजयी होतात. कंपनीचा अंमल मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या आसपास सीमित राहतो, पेशवे विज्ञानकेंद्रे स्थापितात आणि विसाव्या शतकात देश लोकशाहीकडे वळतो. विजयाची ही फळे लेखकाने आस्थेने वर्णिली आहेत. त्यासाठी पडलेल्या माणसांचा हिशेब मात्र कथेत नाही. निर्णायक क्षण एका गोळीवर, म्हणजे यदृच्छेवर सोपविलेला आहे. यदृच्छेला दोष देता येत नाही, त्यामुळे जबाबदारीचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

या गृहीतकाची कसोटी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर लागते. कंपनीला आवर घालावयाचा तर समुद्रावरच, हे शिवाजी महाराजांनी मालवणजवळ सिंधुदुर्ग (१६६४–६७) उभारताना ओळखले होते. नंतर त्याच किनाऱ्यावर आंग्र्यांचे आरमार प्रबळ झाले. परंतु तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनासा झाल्यावर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये कंपनीशी करार केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला चढविला आणि बंदरातील आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. ही यदृच्छा नव्हती. तो विचारपूर्वक घेतलेला राजकीय निर्णय होता आणि तो पानिपतपूर्वी पाच वर्षे घेतला गेला. विश्वासराव वाचले असते, तरी ही जहाजे परत आली नसती. १७६५ मध्ये कंपनीने करवीरकरांकडून सिंधुदुर्ग जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पुढील वर्षी किल्ला परत मिळाला. १८१२ च्या तहाने मालवण कंपनीकडे गेले, ते कायमचेच.

नारळीकरांच्याच ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू अण्वस्त्रांच्या स्फोटाने वळविला जातो. संहारक शस्त्र येथे तारक ठरते. शस्त्रत्यागाचा पुरस्कार येथेही नाही. शस्त्राचे प्रयोजन तेवढे बदलते. पानिपताच्या कथेचा शेवट मात्र सूचक आहे : रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीपायी आझाद मैदानावर जमावाचा मार खाऊन परतलेले गंगाधरपंत पानिपतवरील परिसंवादाचे निमंत्रण नाकारतात.