हंसीचा सातवा दिवस

गोत्री हे वडोदऱ्याच्या पश्चिमेचे जुने गाव. आता ते शहरात विरघळून गेले आहे, तलाव मात्र नावासकट शाबूत आहे. अशा ठिकाणी कुणाच्या अंगणात पाळलेली हंसी भिंतीच्या आडोशाला गवत-काड्या ओढते, पोटाखालची मऊ पिसे उपटून अंथरते आणि अंड्यांवर ठाण मांडते. घरातली माणसे येता-जाता तिच्यावर नजर ठेवून दिवस मोजत राहतात. वरवर पाहता हा घरगुती हौसेचा प्रकार वाटेल. माझे म्हणणे असे, की या माणसांना जे सहज दिसते ते या मुलखाच्या हंसकथांनी शेकडो वर्षांत कधी पाहिलेलेच नव्हते. हंस येतो कधी आणि जातो कुठे, याची आपल्या परंपरेला खबर होती. तो अंडी कशी उबवतो, याची नव्हती. आणि ही उणीव खुद्द कथांमध्येच उघडी पडते.

हंसकथेसाठी वडोदऱ्याइतकी योग्य जागा दुसरी सापडणे कठीण. नल-दमयंतीची कथा गुजरातीत अजरामर करणारा प्रेमानंद याच शहराचा. त्याचे ‘नळाख्यान’ १६८६चे, आणि माणभट्टांनी ते घागरीवर ताल धरत गावोगाव नेले. १७३४मध्ये वडोदरा गायकवाडांच्या हाती कायमचे आले, मराठी कुटुंबे स्थिरावली आणि हरिदासांच्या कीर्तनांतून तीच कथा रघुनाथ पंडितांच्या मराठीत इथे ऐकू येऊ लागली. पुढे सयाजीराव महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी राजा रविवर्म्याकडून जी पौराणिक चित्रे काढून घेतली, त्यांतही नल-दमयंती आहेत. एकाच कथेला एका शहरात दोन भाषा आणि वर रंगांचीही साथ लाभली. या कथेचा सगळा डोलारा मात्र एका हंसावर उभा आहे. नल त्याला पकडतो, तो विलाप करतो, राजाला दया येते आणि सुटलेला हंस दमयंतीकडे जातो.

हा विलाप नीट वाचायला हवा. रघुनाथ पंडितांचा हंस आपल्या म्हाताऱ्या आईबद्दल बोलतो आणि मग बायकोबद्दल, जी बाळंत होऊन जेमतेम सात दिवस झाले आहेत. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’त हंसाला पिलांची काळजी आहे: ती चिवचिवत कुणाला हाका मारतील, थरथरती तोंडे कुणापुढे करतील? ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारे हे वर्णन हंसाच्या बाबतीत मुळीच खरे नाही. घरट्यातून तोंड पुढे करून घास मागतात ती चिमणीची, बुलबुलाची, कावळ्याची पिल्ले. ती उघडी-नागडी आणि मिटल्या डोळ्यांनी जन्मतात. हंसाचे पिल्लू अंड्यातून निघते तेच डोळे उघडे ठेवून आणि अंगभर लव घेऊन. एक-दोन दिवसांत ते आईमागे घरटे सोडते, स्वतः गवत खुडते, पाण्यात उतरते. त्याला कुणी भरवत नाही. सातव्या दिवशीची हंसी बाळंतिणीच्या खोलीत नसते. पिलांची रांग घेऊन ती चरत असते, नर मान ताणून पहारा करत असतो आणि घरटे केव्हाच ओस पडलेले असते. सात दिवसांचा तो हिशेब माणसाच्या सोयराचा आहे, आणि उघडी चोच वळचणीच्या चिमणीकडून आली आहे.

असे का व्हावे, याचे उत्तर भूगोलात आहे. वडोदऱ्याच्या परिसरात हिवाळ्यात येणारे हंस म्हणजे मुख्यतः पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, आणि त्याच्या जोडीला राखी कलहंस. डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव बडोदे संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीच्या पाण्यासाठी बांधला, आणि २०२१मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला, तो या पाहुण्यांच्या मोठ्या थव्यांमुळेही. पण हे पक्षी इथे फक्त खातात आणि विसावतात. पट्टकादंबाची वीण लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी होते. उन्हाळ्याच्या तोंडाला तो हिमालय ओलांडतो आणि अंडी तिकडे घालतो. म्हणजे गुजरातेत किंवा महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला रानहंसाचे घरटे दिसण्याची सोयच नव्हती. कालिदासाचे राजहंस मेघाबरोबर मानसाकडे निघतात तेव्हा दिशा अचूक असते. महिना मात्र चुकतो, कारण आषाढ येईपर्यंत खरे हंस कधीच गेलेले असतात. १८१२मध्ये इंग्रज प्रवासी विल्यम मूरक्रॉफ्ट मानससरोवरावर पोचला आणि तिथे हंस मोठ्या संख्येने वीण करतात हे त्याने नोंदवले, तेव्हा कवींनी सांगितलेला पत्ता खरा ठरला. त्या पत्त्यावर घरात काय चालते, हे मात्र कवींना ठाऊक नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की काव्यातला हंस हा लांब मानेचा, पांढराशुभ्र वेगळाच पक्षी, त्याला पट्टकादंबाचे माप कशाला? पण तो पक्षी भारतात फार क्वचित भरकटत येतो. त्याच्यावर एवढी मोठी परंपरा उभी राहणार नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातली तेवीस हंसांची रांग पाहावी. आखूड पाय, भरदार छाती, मान वळवून पिसे साफ करणारा एक, पंख झटकणारा दुसरा. प्रत्येकाची ढब निराळी आणि प्रत्येक ढब खरी. डच अभ्यासक ज्याँ फिलिप फोगेल यांनी १९६२च्या त्यांच्या ग्रंथात शिल्प, चित्रे आणि साहित्य यांच्या आधारे परंपरेतला हंस म्हणजे असाच पक्षी, हा निष्कर्ष मांडला. उलट अजिंठ्याचा चित्रकार माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. जे त्याला तळ्याकाठी दिसत होते ते त्याने इतके चोख रंगवले, आणि त्या रांगेत घरटे नाही, अंडे नाही, पिल्लूही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कवीला करुणा हवी होती, पक्षिशास्त्र नको होते. हे मला मान्य आहे. पण करुणेसाठी खोटे वर्णनच लागते असे नाही. पाळीव हंसी जवळपास महिनाभर अंड्यांवर बसते, दिवसातून थोडाच वेळ उठते, जाताना अंडी पिसांनी झाकते, परत आल्यावर ती चोचीने फिरवते. या काळात तिचे वजन घटते. नर अंड्यांवर बसत नाही, पण घरट्यापासून हलतही नाही. असा नर राजाच्या हाती सापडला असता तर पहारा गेलेल्या हंसीची अवस्था सातव्या दिवसाच्या बाळंतिणीपेक्षा कमी करुण नव्हती. रघुनाथ पंडितांसारख्या कवीने हे पाहिले असते तर सोडले नसते, असे मला ठामपणे वाटते.

तिसरा आक्षेप: सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अभय दिलेल्या प्राण्यांत हंस आहे, बागेतल्या तळ्यांत हंस बाळगल्याची वर्णने आहेत, मग पाळलेला हंस जुनाच नव्हे का? बाळगणे आणि वीण करवणे यांत अंतर आहे. पकडून आणलेला रानहंस तळ्याची शोभा वाढवतो, पण परक्या उन्हात तो सहजासहजी घरटे करत नाही. आज अंगणात दिसणारा, चोचीच्या मुळाशी गाठ असलेला हंस चीन-मंगोलियाकडच्या वेगळ्याच रानहंसापासून माणसाने घडवला. युरोपातला पाळीव हंस राखी कलहंसापासून. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या दारात अंडी घालणाऱ्या या पक्ष्यानेच जगाला हंसाची वीण दाखवली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन शेतकरी-लेखक कोलुमेला अंडी उबायला थंडीत तीस दिवस आणि उबदार हवेत पंचवीस, असा हिशेब लिहून ठेवतो, तो खुराड्याशेजारी उभा राहूनच. कॉनरॅड लॉरेंझ यांना १९७३चे नोबेल प्राणिवर्तनाच्या ज्या अभ्यासासाठी मिळाले, त्याचा मोठा भाग माणसाच्या हातांत अंड्यातून निघालेल्या आणि त्यालाच आई मानणाऱ्या हंसपिलांचा होता.

म्हणून गोत्रीतल्या अंगणात वाट पाहणाऱ्यांकडे मी आदराने पाहतो. खुडूक कोंबडी आपल्याकडे घरोघरी ओळखीची होती. बदकाची अंडी तिच्याखाली ठेवण्याची युक्तीही जुनी. हंसी त्या मानाने नवखी, आणि तिच्याविषयी म्हणींचा आधार नाही. एकाआड एक दिवस अंडे येते तरी ती लगेच का बसत नाही, हे पाहूनच कळते: सगळी अंडी झाल्यावर बसली तरच पिल्ले बरोबरीने निघतात आणि एकत्र घरटे सोडू शकतात. आठवड्याभराने अंधारात अंड्यामागे दिवा धरला तर रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. जे स्वच्छ राहते ते वांझ. अखेरच्या दिवसांत कवचाआडून आवाज येतो आणि आई त्याला उत्तर देते. टोच पडल्यावरही पिल्लू बाहेर यायला कधी कधी दिवस लावते, आणि तेव्हा मदतीच्या घाईने कवच सोलणे त्याच्या जिवावर बेतू शकते. वडोदऱ्याच्या वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणजे अंड्याला लागणाऱ्या साडेसदतीस अंशांच्याही पुढे. तिथे हंसीचे काम ऊब देण्याइतकेच सावली धरण्याचे होते. अशा उन्हात ती दुपारी किती वेळा उठते, ओल्या पोटाने परतते का, कोलुमेलाचे पंचवीस दिवस इथे खरे ठरतात की महिना भरावाच लागतो, हे तारीखवार लिहून ठेवणे एका वहीचे काम आहे.