वासुदेव बळवंत फडके

वासुदेव बळवंत फडके (४ नोव्हेंबर १८४५ – १७ फेब्रुवारी १८८३) हे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे आद्य क्रांतिकारक होते. त्यांचा जन्म आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरढोण येथे झाला. पुण्यात ते लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीस होते.

बंड

१८७६-७७ च्या दुष्काळात रयतेचे झालेले हाल पाहून त्यांनी रामोशी समाजातील तरुणांना संघटित केले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे दरोडा घालून बंडासाठी पैसा उभा केला. मे महिन्यात सहकारी दौलतराव नाईक मारले गेल्यावर ते निजामाच्या मुलखात गेले व रोहिल्यांची जमवाजमव करू लागले.

अटक व काळे पाणी

जुलै १८७९ मध्ये आजच्या कर्नाटकातील देवर नावडगी येथे मेजर डॅनियल याने त्यांना पकडले. पुण्यातील खटल्यात गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. फडके यांची रोजनिशी व आत्मचरित्र त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरले. जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा भोगण्यासाठी त्यांना एडनला पाठविण्यात आले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते. तेथील कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, पण लवकरच पुन्हा पकडले गेले. मायभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. एडन येथेच त्यांचे निधन झाले.

भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.