कंधारचा तलाव आणि काठावरची वस्ती



नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले कंधार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कोणी उर्साच्या निमित्ताने, कोणी किल्ला पाहावा म्हणून. मात्र ज्या पाण्यामुळे हे गाव वाढले त्या जगत्तुंग तलावापाशी क्षणभर थांबणारे थोडेच. त्याची हकीकत आपल्या मुलांना ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लट्टलूर म्हणजेच आपले लातूर. (त्याच लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) या घराण्यातील तिसरा कृष्ण इ.स. ९३९ ते ९६७ या काळात राज्य करीत होता. त्याच्या काळचा शिलालेख कंधारला सापडला असून त्यात ‘जगत्तुंगसमुद्र’ असा उल्लेख येतो. जगत्तुंग हे राष्ट्रकूट घराण्यातील बिरुद. तिसरा गोविंद ते धारण करी. तळ्याला समुद्र म्हणण्याची तेव्हाची रीत थोर खरी, पण आपणही विष्णुपुरीच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतोच की!

आमच्याकडच्या कोरडवाहू मुलखात तलाव म्हणजे नुसते साठवलेले पाणी नव्हे. बांधाच्या खालच्या अंगाला पाझर लागतो, विहिरींना पाणी राहते, बागायत होते. मग कुंभार येतो, धोबी येतो, भोई जाळे टाकतो, आठवड्याचा बाजार भरू लागतो. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ शेतकरी गाडीने शेतात नेतो. त्याने शेत सुधारते आणि तलावही खोल राहतो. हा व्यवहार चालू असेपर्यंत तलाव जगतो.

आपल्या समाजाचा या गावाशी संबंध सुमारे सातशे वर्षांचा आहे. तुघलक, बहमनी, अहमदनगरची निजामशाही अशा सत्ता येथे नांदल्या. १६३१ साली शहाजहानचा सरदार नसीरी खान याने किल्ला घेतला, आणि पुढे हा मुलूख आसफजाही राज्यात गेला. अफगाणिस्तानातील कंदाहारशी घोटाळा होऊ नये म्हणून फारसी-उर्दू लेखक याला ‘कंधार-ए-दकन’ म्हणत. परंतु माझ्या मते वस्ती रुजली ती तटबंदीमुळे कमी व दर्ग्यांमुळे अधिक. फौज आली तशी गेली; रिफाई परंपरेतील हजरत हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यावर मात्र सर्व जातिधर्मांचे लोक येत राहिले.

वस्ती स्थिरावली तशी विद्याही आली. शाह रफीउद्दीन कंधारी हे या गावचे सूफी विद्वान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथेच मौलाना अन्वारुल्ला फारुकी जन्मले. त्यांनी हिजरी १२९२, म्हणजे इ.स. १८७५-७६ च्या सुमारास हैदराबादेत जामिया निजामिया ही संस्था स्थापिली. सहाव्या व सातव्या निजामांचे ते उस्ताद होते. १९१८ साली ते निवर्तले. संस्था आजही चालू आहे. एवढ्याशा कसब्यातला मुलगा राजाचा गुरू झाला, ही गोष्ट आपल्या किती शाळकरी मुलांना माहीत आहे?

नंतर १९४८ साल उजाडले. रझाकारांच्या जुलमाने आधीच गावे पोळली होती. सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवर आपत्ती कोसळली. सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने अधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचे नाव घेतले आहे. घरातील कर्ती माणसे गेली, आणि उर्दूच्या बळावर मिळणारी कचेरीतली नोकरीही गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. ज्या घरांनी मुलांना वेळीच मराठी शिकविली ती सावरली. जी रुसून बसली त्यांची एक पिढी शाळेबाहेर राहिली. हे कटू आहे, पण पालकांपुढे मांडलेच पाहिजे.

आता उलट अडचण उभी आहे. कंधारचा इतिहास शिलालेखांत संस्कृतात, सनदांत फारसीत, हिशेबाच्या कागदांत मोडीत आणि आजोबांच्या पत्रांत उर्दूत पडला आहे. नातू मराठी वाचतो, इंग्रजी वाचतो, पण घरातल्या पेटीतला इनामाचा कागद त्याला उलटा धरला की सुलटा हेच कळत नाही. जमिनीचा किंवा दर्ग्याच्या उत्पन्नाचा वाद निघाला म्हणजे हाच कागद कोण वाचील म्हणून धावपळ होते. मराठी-इंग्रजीबरोबर उर्दू शिकविण्याचा आग्रह धरताना पालकांनी हा व्यवहारही पाहावा. फारसी व मोडी शिकणारी दोन-चार मुले प्रत्येक तालुक्यात निघाली तरी पुष्कळ काम होईल.

या सुट्टीत मुलांना घेऊन एकदा तलावाच्या बांधावर जाऊन या. घरी परतल्यावर ती पेटीही उघडा. जुनी अक्षरे लावणारे एखादे वडीलधारे माणूस मोहल्ल्यात अजून असेल, तर त्यांना बोलवा आणि मुलाला वही-पेन्सिल देऊन शेजारी बसवा.