विमान कोणाच्या रानात उतरले?

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या शिवारात, उसाच्या फडाला लागून असलेल्या एखाद्या माळावर कोणी आपले दोन आसनी विमान उतरवायचे म्हटले तर कायदा आडवा येतो. त्या कायद्याचे मूळ शोधू गेलो तर आपण विमानाच्याही आधीच्या काळात, 27 ऑगस्ट 1783 रोजी, फ्रान्समधल्या गोनेस गावी जाऊन पोहोचतो. पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा फुगा तिथे उतरला आणि भेदरलेल्या शेतकऱ्यांनी हाती लागेल त्या अवजाराने त्याच्या चिंध्या केल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पोलिसांनी परवानगीवाचून फुगे उडवण्यास मनाई केली. उतरण्याबद्दलचा खरा निवाडा मात्र 1822 साली न्यूयॉर्कमध्ये झाला. एक फुगेवाला कोणा स्वानच्या बागेत उतरला आणि मदतीसाठी ओरडू लागला. लोक कुंपण मोडून धावले आणि बटाटे, मुळे तुडवत आत शिरले. फुग्याने केलेले नुकसान थोडके होते, गर्दीने केलेले पुष्कळ. न्यायालयाने दोन्हींचा भार फुगेवाल्यावर टाकला आणि 90 डॉलरची भरपाई कायम केली. हा न्याय आजही चोख वाटतो. नेत्याचे हेलिकॉप्टर उतरले की शेजारच्या शाळूची काय गत होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे 18 फेब्रुवारी 1911 रोजी हेन्री पेके याने अलाहाबादहून टपालाची पिशवी घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीला विमान उतरवले, तेव्हा सपाट मैदान हाच विमानतळ होता. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने हवाई जहाजांचा पहिला कायदा केला. 1932 साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणले तेही जुहूच्या मातीवर. पावसाळ्यात तिथे चिखल होई, म्हणून त्या दिवसांत टाटांची विमाने पुण्याला येरवड्याच्या मैदानाचा आसरा घेत. मग आला 1934 चा विमान कायदा, आणि आपल्या प्रश्नाची गाठ नेमकी इथे पडते. त्यातल्या कलम 17 ने सांगितले की, वाजवी उंचीवरून विमान गेले एवढ्याच कारणाने जमीनमालकाला अतिक्रमणाचा दावा लावता येणार नाही. माझ्या जमिनीवरचे आकाशही माझेच, हा युरोपातला जुना हक्क त्याने बोथट केला. मात्र हे संरक्षण विमान हवेत असेपर्यंतच. चाके बांधाच्या आत टेकली की मालकाचा हक्क पुन्हा जागा होतो. पुढे 1937 च्या नियमावलीतल्या नियम 78 ने भाड्याने माणसे किंवा माल नेणाऱ्या विमानांच्या नेहमीच्या चढउतारासाठी परवानाधारक विमानतळ बंधनकारक केला. नंतरच्या दुरुस्त्यांनी हे जाळे अधिकाधिक आवळत नेले.

त्या वेळचे कुंडल मात्र ब्रिटिश मुलुखात नव्हतेच. ते औंध संस्थानातले. संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने 1910 मध्ये शेजारीच किर्लोस्करवाडी वसलेली. मूळ कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असला तरी तिथे नोंदलेले विमान जाईल तिकडे तो त्याच्यामागे जाई. म्हणजे माळ औंधचा आणि वैमानिकाच्या मानेवर कायदा दिल्लीचा! शेजारच्या कोल्हापूर दरबाराने तर 5 जानेवारी 1939 रोजी स्वतःचा विमानतळच सुरू केला. 1948 मध्ये औंध संस्थान विलीन झाले, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले, आणि एकच कायदा सर्व गावांना लागू झाला. कोयना धरणाच्या कामासाठी कराडला धावपट्टी आली. सांगलीजवळ कवलापूरची धावपट्टी होती. ती पडून राहिली आणि तिथे विमानतळाची मागणी करण्यात पिढ्या गेल्या.

नियमाला अपवाद एकच, नाइलाजाचा. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक प्रशिक्षणाचे विमान कोसळत उतरले. एकटीच असलेली शिकाऊ वैमानिक बचावली. अशा वेळी परवाना नव्हता म्हणून कोणी जाब विचारत नाही. चौकशी होते ती विमान का पडले याची. जुन्या नियमांनी तर अपघाताची खबर नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालकांबरोबरच जवळच्या पोलीस ठाण्यालाही द्यायला सांगितले होते. त्यामुळे शहरातल्या तज्ज्ञांच्या आधी गावचा पोलीस पाटील हजर झाला तर नवल नाही.

स्वखुशीने उतरणाऱ्याला मात्र कागद जमवावे लागतात. पश्चिम महाराष्ट्रात नवरी हेलिकॉप्टरने आणण्याची हौस वाढली, तेव्हा हा सारा इतिहास लग्नाच्या मांडवापर्यंत आला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढा, मैदान तपासून घ्या, पोलीस बंदोबस्त नि अग्निशमनाची सोय करा. मग फक्कीने गोल आखून मधोमध इंग्रजी एच काढायचा आणि टँकरने पाणी मारून धुरळा बसवायचा. हेलिकॉप्टरला एवढ्यावर भागते, कारण त्याला धाव लागत नाही. पंखांच्या विमानाला शेकडो मीटर मोकळी, घट्ट पट्टी हवी आणि वाटेत ना विजेचा खांब हवा ना नारळाचे झाड. बागायती कुंडलला अशी सलग जागा म्हणजे चार-सहा खातेदारांची संमती. अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधले, पण ते आकाशात नेण्यासाठी त्यांना धुळ्याची धावपट्टी गाठावी लागली. 1 जानेवारी 2025 पासून 1934 च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. नाव बदलले, पण परवानगीची रांग तीच राहिली. विमानवाल्या कुंडलकराने आजही कराडला उतरावे आणि गावाकडे यायला गाडी धरावी, हेच बरे.