स्फोटकांचा लेसर-वर्णपटीय शोध

संशयित वस्तूवर लेसर किरण टाकून परतणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून तिच्यातील स्फोटक किंवा अन्य सेंद्रिय पदार्थ ओळखण्याची पद्धत. वस्तूला हात लावावा लागत नाही, हा तिचा मोठा लाभ. आरडीएक्ससारख्या स्फोटकाची वाफ नेहमीच्या तापमानाला जवळजवळ होतच नाही, त्यामुळे हवेचे नमुने तपासणारी उपकरणे तिथे तोकडी पडतात.

पद्धतीचा पाया म्हणजे सी. व्ही. रामन यांना १९२८ मध्ये आढळलेला परिणाम. रेणूवर पडलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश तरंगलांबी बदलून विखुरतो आणि हा बदल रेणूतील बंधांच्या कंपनांवर ठरतो. टीएनटीची ठळक रेषा दर सेंटिमीटरला १,३५० च्या आसपास, आरडीएक्सची ८८५ जवळ, तर अमोनियम नायट्रेटची १,०४३ जवळ दिसते. सोऱ्याची (पोटॅशियम नायट्रेट) रेषा १,०५० ला येते. एवढ्याशा फरकावर निदान अवलंबून असते. शिवाय अमोनियम नायट्रेट हे खतही आहे. यंत्र पदार्थ सांगते, हेतू नव्हे.

खरी अडचण अनुस्फुरणाची. रंगीत कापड, माती, प्लॅस्टिक स्वतःच उजळतात आणि क्षीण रामन रेषा त्यात बुडून जातात. म्हणून अवरक्ताजवळचा, बहुधा ७८५ नॅनोमीटरचा लेसर वापरतात. पण तरंगलांबी वाढली की संकेत आणखी दुबळा होतो. बंदुकीच्या काळ्या दारूवर तीव्र किरण रोखल्यास ती पेटण्याचाही धोका असतो. लेसरच्या स्पंदाने प्लाझ्मा निर्माण करून मूलद्रव्ये मोजण्याची दुसरी पद्धत आहे. तीत स्फोटकांतही असणारे हवेतले नायट्रोजन व ऑक्सिजन घोळ घालतात.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः पुण्यातील पाषाण येथील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत होते. १९०८ मध्ये नैनिताल येथे सुरू झालेली ही संस्था १९६० मध्ये पुण्यात आली.  १३ फेब्रुवारी २०१० च्या जर्मन बेकरी स्फोटात १७ जणांचा बळी गेल्यावर स्फोटके वेळीच ओळखण्याची निकड पुणेकरांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही. मार्च २०२० मध्ये या प्रयोगशाळेने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसह विकसित केलेले ‘रेडर-एक्स’ हे उपकरण पुण्यातील कार्यशाळेत सादर झाले. दुरून स्फोटक ओळखणे, तसेच झाकून ठेवलेला मोठा साठा हेरणे हा त्याचा उद्देश. विज्ञान संस्थेतील शिव उमापती यांच्या गटाने अनेक कोनांतून रामन संकेत टिपण्याचे तंत्र विकसित केले असून, अपारदर्शक पण धातूविरहित वेष्टनातील पदार्थ त्याने ओळखता येतात. धातूच्या डब्यापुढे मात्र लेसर हतबल ठरतो.

बॉम्बशोधक व नाशक पथकाच्या श्वानाला हे यंत्र पर्याय नाही. गर्दीत संशयाची पिशवी आधी श्वानालाच शोधावी लागते.