कामाआइना कोण?

हवाईत हॉटेलपासून रेस्टॉरंटपर्यंत 'कामाआइना रेट'ची पाटी दिसते. राज्याचं ओळखपत्र दाखवलं की पर्यटकापेक्षा कमी पैसे पडतात. त्यातून समज रूढ झाला की कामाआइना म्हणजे हवाईचा रहिवासी. याला वैतागलेले काहीजण दुसरं टोक गाठतात आणि हा शब्द केवळ मूळ हवाईयन रक्ताचा, असं बजावतात. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत, पहिला तर सपशेल.

कामा म्हणजे मूल, आइना म्हणजे जमीन. आपल्याला चटकन 'भूमिपुत्र' आठवेल. पण त्या शब्दामागे आपल्याकडे नोकऱ्यांच्या हक्काचं राजकारण आहे. कामाआइनाची जोडी आहे मालिहिनीशी, म्हणजे नवख्याशी, पाहुण्याशी. पुकुई आणि एल्बर्ट यांच्या हवाईयन शब्दकोशात 'तिथे जन्मलेला' याच्या जोडीला 'यजमान' आणि 'परिचित' हे अर्थही दिले आहेत. परिचय असतो तो ठरावीक जागेशी. काउआई बेटावरचा कामाआइना मोलोकाईवर मालिहिनीच ठरेल.

याचा भक्कम पुरावा जमिनीच्या दप्तरात सापडतो. 1848 च्या 'माहेले'त जमिनींची वाटणी झाली, तेव्हा डोंगरापासून समुद्रापर्यंतचे कितीतरी जमिनीचे पट्टे, म्हणजे 'आहुपुआआ', मोजणी न करता नुसत्या नावाने दिले गेले. पुढे हद्दी ठरवायला आयोग नेमले, तेव्हा कुठल्या ओढ्यापाशी, कुठल्या खडकापाशी शीव वळते हे सांगायला कामाआइनांनाच बोलावलं जाई. त्यांच्या जबान्या आजही नोंदींत आहेत.

हा जुना अर्थ आता मेला, असं कुणी म्हणेल. मग 1968 चा ॲशफर्ड खटला पाहावा. मोलोकाईवरच्या एका जमिनीची समुद्राकडची हद्द कुठवर, हा वाद होता. मालकांची बाजू भरतीच्या सरासरी पातळीच्या आकड्यांवर उभी होती. राज्याने कामाआइना साक्षीदार आणले. हवाईचे सरन्यायाधीश विल्यम रिचर्डसन यांच्या न्यायालयाने साक्ष ग्राह्य धरली आणि लाटांचं पाणी जिथवर चढतं, जिथे झाडोरा सुरू होतो किंवा वाहून आलेल्या काडीकचऱ्याची रेघ उमटते, तिथे हद्द ठरवली. किनाऱ्याचा तेवढा पट्टा खाजगी मालकीबाहेर राहिला. निकालात कामाआइनाची ओळख आहे ती लहानपणापासून एखादी जागा जाणणारा माणूस अशी. त्यात रक्ताची अट नाही, आणि नुसतं राहण्यानेही भागत नाही.

आता ओळखपत्रावरून ठरणाऱ्या अर्थाने काय होतं पाहा. 2020 च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक मूळ हवाईयन हवाईबाहेर, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. घरांच्या किमतींनी अनेकांना बाहेर लोटलं. असा एखादा माणूस नेवाडा राज्याचं ओळखपत्र घेऊन आजीच्या गावी आला, तर काउंटरवरच्या नियमाने तो परका. त्याच्या मागे रांगेत उभा असलेला, गेल्या वर्षी होनोलुलूत बदलून आलेला कर्मचारी मात्र कामाआइना! हा उलटा न्याय मला अस्वस्थ करतो.

सवलत जरूर राहावी, तिथल्या महागाईत स्थानिकांना तिची गरजच आहे. पाटीवर मात्र 'रहिवासी दर' लिहावं.