बेचाळीसच्या आधीचे शहाण्णव तास

दोन महिने आधी

एप्रिल १९७४. इंग्लंडच्या दौऱ्यासाठी निवडलेल्या भारतीय संघात जगातले चार सर्वोत्तम फिरकी गोलंदाज होते: बिशनसिंग बेदी, इरापल्ली प्रसन्ना, भागवत चंद्रशेखर आणि श्रीनिवास वेंकटराघवन. नव्या चेंडूसाठी होते आबिद अली, मदनलाल आणि एकनाथ सोळकर. तिघेही मेहनती आणि तिघेही मुळात अष्टपैलू. फलंदाजाला मागच्या पायावर ढकलेल असा वेग तिघांपैकी एकाकडेही नव्हता.

निवड समितीला त्यात काही खटकले नाही, कारण तीन वर्षांपूर्वीचे ओव्हल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. ऑगस्ट १९७१ मध्ये चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ धावांत आटोपले आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. पण १९७१ चा भारतीय दौरा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात होता, वाळलेल्या खेळपट्ट्यांवर. १९७४ मध्ये पूर्वार्ध भारताच्या वाट्याला आला आणि उत्तरार्ध पाकिस्तानला मिळाला. म्हणजे एप्रिल ते जुलै: थंडी, ओल, ढगाळ सकाळ आणि हवेत वळणारा चेंडू. अशा हवेत बेदी-प्रसन्नांची बोटे गारठतात आणि अर्नोल्ड-ओल्ड अशा इंग्लिश वेगवान गोलंदाजांचे चांगभले होते.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या दौऱ्यावर भारतीय संघात महाराष्ट्राचे पांडुरंग साळगावकर होते. खरोखर वेगवान चेंडू टाकणारे. इंग्लंडच्या विमानात त्यांना जागा मिळाली नाही. प्रथम श्रेणी कारकिर्दीत त्यांनी दोनशेहून अधिक बळी घेतले. कसोटीची टोपी मात्र अखेरपर्यंत त्यांच्या वाट्याला आली नाही.

याच दौऱ्यात लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत गारद झाला, तो विषय निघाला की आपल्याकडे पन्नास वर्षे फलंदाजांनाच बोल लावला जातो. मला तो निवाडा पटत नाही. सोमवारी सकाळी जे कोसळले ते गुरुवारपासून खचत होते आणि सुरुंग लागला होता गोलंदाजीच्या बाजूने.

दोन आठवडे आधी

ओल्ड ट्रॅफर्डची पहिली कसोटी भारत ११३ धावांनी हरला. सुनील गावसकरांनी त्या गारठ्यात १०१ आणि ५८ धावा केल्या. पण इंग्लंडच्या दुसऱ्या डावात आपल्याला तीनच बळी मिळाले आणि २१३ वर त्यांनी डाव सोडून दिला.

त्यानंतर दोन्ही संघांत बदल झाले. इंग्लंडने जेफ्री बॉयकॉटच्या जागी डेव्हिड लॉइडला पहिली कसोटी दिली आणि बॉब विलिसच्या जागी जेफ अर्नोल्डला घेतले. आघाडीचा फलंदाज आणि तेज गोलंदाज असे दोघे बाजूला झाले, तरी त्या दर्जाची दोन माणसे तयार होती. आपण वेंकटराघवन यांना बसवून प्रसन्नांना घेतले. फिरकीच्या जागी फिरकी. हाताशी दुसरे काही नव्हतेच.

९६ तास आधी: गुरुवार, २० जून, सकाळ

इंग्लंडची फलंदाजी. आबिद अली आणि मदनलाल यांनी नवा चेंडू टाकला. त्या काळात नव्या चेंडूची चकाकी उतरवणे हेच भारताच्या सुरुवातीच्या गोलंदाजांचे काम मानले जाई. एकदा लकाकी गेली की फिरकी गोलंदाज येत आणि खरा खेळ सुरू होई. घरच्या मैदानावर ही युक्ती चाले. लॉर्ड्सवर त्याचा अर्थ एवढाच झाला की डेनिस एमिस आणि लॉइड यांना स्थिरावायला मोकळा वेळ मिळाला. पहिली जोडी फुटली तेव्हा धावफलकावर ११६ लागल्या होत्या.

त्याच दिवशी, चंद्रांचे दहावे षटक

माझ्या मते सामना इथे हातचा गेला. चंद्रशेखर आपले दहावे षटक टाकत होते. तीन चेंडू झाले आणि हाताला दुखापत झाली. ते मैदानाबाहेर गेले ते परत गोलंदाजीला आलेच नाहीत. त्यांच्या नावापुढचा आकडा तसाच अर्धवट राहिला: ९.३ षटके.

या माणसाचा उजवा हात लहानपणी पोलिओने बारीक झालेला. त्याच हाताने तो मध्यमगतीच्या वेगाने गुगली टाके. वेग नसलेल्या संघात फलंदाजाच्या मनात धाक निर्माण करणारा तो एकच गोलंदाज होता. तो गेल्यावर वाडेकरांकडे उरले दोन फिरकी गोलंदाज आणि तीन मध्यमगती अष्टपैलू. वेंकट बाहेर बसलेले आणि बदली खेळाडूला गोलंदाजी करता येत नाही.

मग बेदी आणि प्रसन्ना टाकत राहिले. एमिस आणि एड्रिच यांनी दुसऱ्या गड्यासाठी २२१ धावा जोडल्या.

७२ तास आधी: शुक्रवार

पुन्हा तेच दोघे. एड्रिच ९६ वर आणि एमिस १८८ वर बाद झाला. कर्णधार माइक डेनिसने ११८ केल्या, टोनी ग्रेगने १०६. पाचव्या गड्यासाठी या दोघांची भागीदारी २०२ ची झाली.

या डावाचे पृथक्करण सावकाश वाचावे असे आहे. बेदी: ६४.२ षटके, ८ निर्धाव, २२६ धावा, ६ बळी. प्रसन्ना: ५१ षटके, १६६ धावा, २ बळी. दोघांनी मिळून ११५ षटकांहून अधिक गोलंदाजी केली. चेंडूला उंची देत, फलंदाजाला पुढे बोलावत, षटकामागून षटक. दमलेला फिरकी गोलंदाज आधी काय गमावतो? बोटांची ताकद. मग चेंडू हवेत लोंबकळत नाही, सपाट येतो. बेदींनी तरीही सहा बळी काढले. एवढा थोर गोलंदाज त्या दिवशी ओझ्याच्या बैलासारखा राबवला गेला आणि त्याचा दोष त्यांच्याकडे नव्हता. बेदी तेव्हा नॉर्दम्प्टनशायरचे करारबद्ध खेळाडू होते. तिथली हवा त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? पण हवा ठाऊक असून उपयोग काय, दुसऱ्या टोकाकडून दमवणारा वेगवान गोलंदाजच नसेल तर?

इंग्लंड सर्वबाद ६२९. शुक्रवारी उरलेल्या वेळात गावसकर आणि फरुख इंजिनियर फलंदाजीला उतरले. १८० हून अधिक षटके क्षेत्ररक्षण करून आलेले पाय घेऊन.

४८ तास आधी: शनिवार

त्या दमलेल्या पायांनीही लढत दिली, हे विसरू नये. सलामीला १३१ धावा झाल्या. इंजिनियर ८६, गावसकर ४९, गुंडाप्पा विश्वनाथ ५२, सोळकर ४३. पण ओल्डने चार आणि हेंड्रिकने तीन बळी घेतले आणि त्यानंतर दहाही गडी १७१ धावांत गेले. सर्वबाद ३०२. अजून ३२७ धावांची पिछाडी होती. फॉलोऑन.

सुमारे ४० तास आधी: शनिवार संध्याकाळ

दुसऱ्या डावाची थोडकी षटके झाली. बिनबाद २.

२४ तास आधी: रविवार, विश्रांतीचा दिवस

त्या काळी कसोटीत रविवारी सुट्टी असे. आपणही इथे थोडे थांबू.

अमेरिकेत बेसबॉलचा संघ बांधताना सगळ्यात आधी पिचर मोजतात. सामन्याची सुरुवात आळीपाळीने करणारे साधारण पाच, त्यांच्या मागे नंतर येणाऱ्यांची फळी आणि त्याहून मागे मायनर लीगमध्ये तयार होणारी पोरे. एकाचा खांदा दुखला की कोणाला बोलवायचे हे आधीच ठरलेले असते. कमी पडले तर दुसऱ्या संघाशी अदलाबदल करतात. भारताकडे १९७४ मध्ये यातले काय होते? खेळाडूंचे क्रिकेट मंडळाशी वार्षिक करार नव्हते. पोटापाण्याला बँक किंवा कंपनीची नोकरी. वाडेकर स्वतः स्टेट बँकेत. सोळकर मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे चिरंजीव. फॉरवर्ड शॉर्ट लेगला जिवावर उदार होऊन उभे राहत आणि २७ कसोटींत ५३ झेल त्यांनी घेतले. अशा माणसाला नवा चेंडूही टाकायला लावायचा! गुणवत्तेला तोटा नव्हता, मागची फळी उभी करण्याचा विचारच नव्हता.

आणि वेग काय मुंबई-पुण्यातच जन्माला येतो? खुलताबादला उन्हे कलल्यावर भद्रा मारुतीच्या बाजूने फिरताना टेनिस बॉलवर दणकून चेंडू टाकणारी पोरे आजही दिसतात. लांब रनअप, उसळती उडी, हात कानाला घासून येणारा. अशा पोराला खरा लेदर चेंडू मिळायचा तर आधी घाट उतरून पंचवीसेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर गाठायचे. तिथे जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर पुढे पुणे, कारण मराठवाड्याचे क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली येते. बुटांचे पैसे, एसटीचे भाडे, बुडालेली शाळा. गोदावरीपलीकडच्या श्रीरामपूरहून झहीर खान नावाचा एक मुलगा मुंबईला गेला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला आणि त्याने ३११ कसोटी बळी घेतले. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला त्याच्या नऊ बळींनी भारताला सामना आणि पुढे मालिका मिळवून दिली, त्याच इंग्लंडमध्ये. श्रीरामपूरसारख्या गावातून एक झहीर पोचला. न पोचलेल्यांची नोंद कुठल्याही धावफलकात नसते आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

७७ मिनिटे आधी: सोमवार, २४ जून, सकाळ

आकाश भरून आलेले, हवा जड. अर्नोल्ड एका बाजूने, ओल्ड दुसऱ्या बाजूने. आलटून-पालटून येण्यासाठी हेंड्रिक होता, पण त्याची गरज एकाच षटकापुरती पडली.

धावसंख्या २: इंजिनियर पायचीत, शून्य.

धावसंख्या ५: वाडेकरांचा ओल्डकडून त्रिफळा. ३ धावा.

धावसंख्या १२: विश्वनाथ, यष्टीरक्षक नॉटकडे झेल. ५ धावा.

धावसंख्या १४: ब्रिजेश पटेल, पुन्हा नॉटकडे झेल. १ धाव.

एका टोकाला गावसकर अजून उभे होते. दुसरीकडे सोळकर आले आणि फटके मारू लागले.

धावसंख्या २५: गावसकर पायचीत. ५ धावा. अर्नोल्डचा चौथा बळी. यापुढचे सगळे ओल्डचे.

धावसंख्या २८: आबिद अली.

धावसंख्या ३०: मदनलाल.

सोळकर आणि प्रसन्ना यांनी बारा धावा जोडल्या. डावाच्या उत्तरार्धातली ही सर्वांत मोठी भागीदारी.

धावसंख्या ४२: प्रसन्नांचा त्रिफळा. ५ धावा.

धावसंख्या ४२: बेदींचा त्रिफळा. शून्य.

अकरावे नाव चंद्रशेखर. दुखापतीमुळे अनुपस्थित. गुरुवारी अर्धवट राहिलेल्या त्या षटकाने सोमवारी डावही नऊ गड्यांवर संपवला.

एकूण १७ षटके. ओल्ड २१ धावांत ५, अर्नोल्ड १९ धावांत ४. सोळकर नाबाद १८, दोन आकडी धावा करणारे एकटेच. अवांतर एकही नाही. त्याआधीची भारताची नीचांकी धावसंख्या ५८ होती, ती आता खूप मोठी वाटू लागली. इंग्लंड एक डाव आणि २८५ धावांनी विजयी.

दहा दिवसांनंतर

४ जुलैला एजबॅस्टनला तिसरी कसोटी सुरू झाली. भारताच्या डावाच्या पहिल्याच चेंडूवर गावसकर बाद झाले, १६५ धावांत डाव संपला. पण लॉर्ड्सबद्दल मी जे म्हणतो आहे त्याचा पुरावा इंग्लंडच्या डावात आहे: २ बाद ४५९ वर डाव घोषित. लॉइड नाबाद २१४. अख्ख्या कसोटीत भारताच्या गोलंदाजांना दोन बळी मिळाले. फलंदाज सोमवारच्या एका सकाळी कोसळले, तर गोलंदाजी उन्हाळाभर उघडी पडली होती.

मालिका ३-० अशी गेली. ज्या इंदूरने १९७१ च्या विजयासाठी सिमेंटची बॅट उभारली होती तिथेच तिला काळे फासले गेले. वाडेकरांचे नाव पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले आणि ते खेळातून निवृत्त झाले. वेस्ट इंडीज आणि इंग्लंड एकाच वर्षी जिंकणाऱ्या कर्णधाराला असे घालवणे हा अन्याय होता. त्यांना हव्या त्या प्रकारचा गोलंदाज दिलाच नव्हता.

ऑक्टोबर १९७८ मध्ये फैसलाबादला कपिल देव आले आणि चकाकी उतरवण्याचे दिवस संपले. तरी एका कपिलच्या मागे दुसरा उभा राहायला पुढे किती वर्षे लागली!

सेहेचाळीस वर्षांनंतर

१९ डिसेंबर २०२०, ॲडलेड. भारत ३६. हेझलवूडने ८ धावांत ५ बळी घेतले आणि शेवटी हाताला चेंडू लागून मोहम्मद शमी जायबंदी होऊन परतला. पुन्हा नऊ गडी, पुन्हा दहावा दुखापतग्रस्त गोलंदाज. विराट कोहली घरी परतला, सूत्रे अजिंक्य रहाणेकडे आली. मेलबर्नला नागपूरचा उमेश यादव लंगडत बाहेर गेला. ब्रिस्बेनपर्यंत बुमरा, अश्विन, जडेजा सगळेच जायबंदी.

यावेळी मागे फळी होती. भारत अ संघाचे दौरे, आयपीएलचे करार आणि नेटमध्ये गोलंदाजी करायला दौऱ्यावर थांबवून ठेवलेली पोरे. १५ जानेवारी २०२१ ला गाबावर उतरलेल्या पाच गोलंदाजांच्या गाठीशी मिळून फक्त चार कसोटी होत्या: मोहम्मद सिराजच्या दोन, नवदीप सैनीची एक आणि पालघरच्या शार्दुल ठाकूरची एक. शार्दुलच्या त्या पहिल्या कसोटीत तर दहा चेंडूंनंतर स्नायू दुखावला होता. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांची पहिलीच कसोटी. सैनीही सामन्याच्या मध्येच दुखावला, पहिल्याच दिवशी, चंद्रांसारखाच षटक अर्धवट टाकून.

उरलेल्या चौघांनी ऑस्ट्रेलियाला दोनदा सर्वबाद केले. शार्दुलचे सात, सिराजचे सहा, सुंदरचे चार आणि नटराजनचे तीन बळी.